नाक उघडणारी गोळी लघवी का अडवते?

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी एकसष्ट वर्षांचा निवृत्त यंत्र अभियंता. चार महिन्यांपूर्वी सर्दी झाली तेव्हा झायलोमेटॅझोलिनचे थेंब सुरू केले. सर्दी आठवड्यात गेली, थेंब काही गेले नाहीत. आता दिवसातून पाच-सहा वेळा घालतो, रात्री बाटली उशाखाली असते. थेंब सुटावेत म्हणून सर्दीच्या गोळ्या घेऊन पाहिल्या. पहिल्या गोळीने काहीच झालं नाही. दुसरीने नाक थोडं उघडलं, पण रात्रभर झोप नाही, छातीत धडधड, आणि पहाटे लघवीच होईना. तासभर तसाच ताटकळलो, मग थेंबथेंब झाली. मला प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आणि रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू आहे. डॉक्टर म्हणतात, थेंब बंद करा. बंद केले की दोन्ही नाकपुड्या ठार बंद. हे औषध आत जाऊन नेमकं करतं काय? नाकासाठी घेतलेली गोळी लघवीपर्यंत पोचतेच कशी? नुसतं 'घेऊ नका' नको, कारण सांगा. जाता जाता आणखी एक: तीन वर्षांच्या नातीला सर्दी झाली तर हेच थेंब पाणी घालून पातळ करून द्यावेत का?

उत्तर:

नमस्कार. तुम्हाला कारणंच हवी आहेत, तर ती देते. पण त्याआधी एक गोष्ट ऐका: ती दुसरी गोळी पुन्हा घेऊ नका. त्या पहाटे लघवी थेंबथेंब का होईना सुटली. ती पूर्ण अडली असती तर नळी घालायला रात्रीच रुग्णालय गाठावं लागलं असतं. पुन्हा कधी असं झालं आणि ओटीपोट फुगून दुखू लागलं, तर तास मोजत बसू नका, निघा.

आता नाकाकडे येऊ. नाक शेंबडाने बंद होतं असं बहुतेकांना वाटतं. शिंकरून शिंकरून नाक लाल होतं, बाहेर काही येत नाही, तरी श्वास अडलेलाच. कारण अडथळा बहुतांशी रक्ताचा असतो. नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीवर हाडांचे वळलेले उंचवटे असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यावरच्या अस्तरात शिरांच्या रुंद पोकळ्यांचं दाट जाळं असतं. या पोकळ्या रक्ताने भरल्या की अस्तर फुगतं आणि हवेची वाट अरुंद होते. रिकाम्या झाल्या की वाट मोकळी. निरोगी माणसातही हे चालूच असतं: काही तास एक नाकपुडी थोडी फुगलेली, मग दुसरी. कायझर नावाच्या डॉक्टरांनी १८९५ मध्येच या आलटून-पालटून चालणाऱ्या चक्राचं वर्णन केलं होतं. आडवं झालं की डोक्याकडच्या शिरांतला दाब वाढतो, म्हणून रात्री नाक जास्त चोंदतं, आणि कुशीवर झोपलं की बहुधा खालची बाजू बंद होते.

या पोकळ्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचे, म्हणजे शाळेत शिकलेल्या अपट्टकी स्नायूंचे, धागे असतात. ते किती आवळलेले राहावेत हे सिम्पथेटिक चेतातंतू, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या चेतासंस्थेचे तंतू, ठरवतात. हे तंतू अखंड, मंद गतीने संदेश पाठवत असतात. मानेतल्या या तंतूंना भूल दिली की त्या बाजूची नाकपुडी आपोआप चोंदते. याचा अर्थ असा की नाक मोकळं राहणं ही आयती मिळालेली स्थिती नाही, चेतातंतूंना त्यासाठी सतत काम करावं लागतं.

तंतूच्या टोकाला ठिकठिकाणी फुगीर गाठी असतात आणि त्यांत सूक्ष्म पिशव्यांमध्ये नॉरॲड्रेनालिन भरून ठेवलेलं असतं. सिम्पथेटिक तंतूंचा मुख्य संदेशवाहक हाच, हे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं. संदेश आला की पिशव्या टोकाच्या पडद्याला चिकटून फुटतात, नॉरॲड्रेनालिन बाहेर पडतं आणि स्नायूपेशीवरच्या अल्फा रिसेप्टरला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, जाऊन बसतं. अल्फा-१ या प्रकाराला ते बसलं की पेशीच्या आत आयपी-३ नावाचा छोटा रेणू तयार होतो, तो आतल्या साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतो, बाहेरूनही कॅल्शियम आत येतं. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, ती जोडी एका विकराला जागं करते, तो विकर मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतो, आणि फॉस्फेट चढलेलं मायोसिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला धरून ओढू लागतं. स्नायू आवळतो, पोकळी रिकामी होते, नाक उघडतं. हातापायांच्या स्नायूंपेक्षा हे काम संथ असतं, पण अगदी कमी ऊर्जेत तासन् तास ओढ धरून ठेवणारं. तुमची ॲम्लोडिपिन याच कॅल्शियमची बाहेरून आत येण्याची वाट रक्तवाहिन्यांमध्ये अडवते, म्हणून रक्तदाब उतरतो.

काम झाल्यावर नॉरॲड्रेनालिनचं काय होतं? बहुतेक भाग तंतूचं टोकच एका वाहक प्रथिनाच्या मदतीने परत आत ओढून घेतं. हे ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी उलगडलं. १९७० च्या नोबेल पारितोषिकात ते आणि फॉन ऑयलर दोघंही होते. परत आलेल्यातलं काही पुन्हा पिशव्यांत भरलं जातं, काही एमएओ हा विकर तिथेच मोडून टाकतो.

एवढं कळलं की औषधं सोपी. ती दोन वाटांनी काम करतात.

तुमचे थेंब पहिल्या वाटेचे. झायलोमेटॅझोलिन आणि त्याचं भावंड ऑक्सिमेटॅझोलिन चेतातंतूला विचारतच नाहीत, ती थेट स्नायूच्या अल्फा रिसेप्टरवर बसतात, अल्फा-१ वरही आणि अल्फा-२ वरही. नाकातल्या त्या शिरांच्या पोकळ्यांवर दोन्ही प्रकार असतात, म्हणून हे थेंब काही मिनिटांत असं नाक उघडतात की माणूस प्रेमातच पडतो. परिणाम दहा-बारा तासांपर्यंत टिकू शकतो. तुम्हाला दिवसातून पाच-सहा वेळा लागताहेत, यातच काय बिघडलंय ते दिसतं. त्याकडे वळतेच.

दुसऱ्या वाटेवर आहे स्यूडोएफेड्रिन. वर्णनावरून तुमच्या दुसऱ्या गोळीत तेच असावं, पाकिटावर बघून घ्या. त्याचं थोरलं भावंड एफेड्रिन. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते १८८५ मध्ये एफेड्रा वनस्पतीतून वेगळं केलं. स्यूडोएफेड्रिन रिसेप्टरवर स्वतः फारसं बसत नाही. नॉरॲड्रेनालिनला परत आत नेणारं जे वाहक प्रथिन आहे त्याच्यावर स्वार होऊन ते तंतूच्या टोकात शिरतं आणि पिशव्यांतला माल बाहेर लोटतं. कोठारात चोर शिरावा, त्याने काही न्यायचं सोडून पोतीच्या पोती मागच्या दाराने रस्त्यावर ढकलावीत, तसं. वरून संदेश आलेला नसतानाही नॉरॲड्रेनालिन बाहेर पडतं, आणि पुढची कॅल्शियमची सगळी साखळी नेहमीसारखीच चालते. लागोपाठ डोस घेतले तर कोठार रिकामं होत जातं आणि तीच मात्रा कमी कमी काम करू लागते.

या वाटेवर एक फार मोठा धोका आहे. नैराश्य किंवा पार्किन्सनसाठी एमएओ विकर बंद करणारी औषधं चालू असतील तर टोकात न मोडलेला साठा प्रचंड वाढलेला असतो. त्यावर स्यूडोएफेड्रिन घेतलं तर रक्तदाब जिवावर बेतण्याइतका चढू शकतो. ती औषधं थांबवल्यानंतरही चौदा दिवस हे बंधन पाळायचं असतं. तुमच्या यादीत असलं औषध नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी यादीत असेल.

आणि तुमची पहिली, ढिम्म राहिलेली गोळी? ती बहुधा फेनिलेफ्रिनची. हे औषध अल्फा-१ वर थेट बसतं, नाकात थेट घातलं तर कामही करतं. पण तोंडाने घेतल्यावर आतड्याची भिंत आणि यकृत त्यातला बहुतेक भाग रक्तात पोचण्याआधीच निकामी करून टाकतात. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने म्हटलं की नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतलेलं फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने विनाचिठ्ठी मिळणाऱ्या सर्दीच्या गोळ्या-औषधांतून ते वगळण्याचा प्रस्ताव मांडला. इतकी वर्षं ते विकलं गेलं याचं मला नवल वाटतं, पण सर्दी आपोआप बरी होते आणि श्रेय शेवटच्या गोळीला मिळतं, हेही खरं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, लघवीचा. थेंब नाकातच घातले जातात, म्हणून त्यांचा बहुतेक जोर नाकातच खर्च होतो. गोळी मात्र रक्तातून सगळीकडे जाते, आणि नाक कुठलं, मूत्राशय कुठलं हे तिला कळत नाही. जिथे जिथे सिम्पथेटिक तंतूंची टोकं आहेत तिथे ती माल बाहेर लोटणार. मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असेच अनैच्छिक स्नायू आहेत, त्यांच्यावर अल्फा-१ रिसेप्टर भरपूर. ते आवळले की दार बंद. त्याच वेळी मूत्राशयाच्या भिंतीतले स्नायू नॉरॲड्रेनालिनने सैलावतात, कारण तिथे बीटा जातीचे रिसेप्टर आहेत आणि त्यांचा हुकूम उलटा असतो. मागून ढकलणारा सैल, पुढचं दार घट्ट. तरुण माणसाला हे जाणवतही नाही. वाढलेल्या प्रोस्टेटने वाट आधीच चिंचोळी केलेली असेल, तर एवढंसं निमित्त पुरतं.

तुम्ही घेता ती टॅम्सुलोसिन याच दारावरचे अल्फा-१ रिसेप्टर अडवून ते सैल ठेवते. म्हणजे एक गोळी दार उघडं धरते आणि दुसरी ते लोटते, आणि दोन्ही तुम्हीच गिळता. यात आणखी एक मेख आहे, ती तुम्हाला कुणी सांगितली नसावी: अल्फा-१ अडवणाऱ्या औषधांचा एक माहीत असलेला दुष्परिणाम म्हणजे नाक चोंदणं. वर सांगितलेली साखळी उलटी वाचा, लगेच पटेल. तुमच्या नाकाच्या तक्रारीत टॅम्सुलोसिनचा थोडा वाटा असू शकतो. पण म्हणून ती मनाने बंद करू नका. थेंब सुटल्यावर महिनाभरानेही नाक जड वाटत राहिलं, तर मूत्रविकारतज्ज्ञांपुढे हा मुद्दा काढा.

त्या गोळीच्या पाकिटावर क्लोरफेनिरामाइन हेही नाव आहे का, ते पाहा. सर्दीच्या जोडगोळ्यांत ते बरेचदा असतं. ते वेगळ्याच चेतातंतूंचा, ॲसिटिलकोलिनचा, संदेश अडवतं. मूत्राशयाला आकुंचन पावायला लावणारा संदेश तोच. तसं असेल तर त्या रात्री तुमच्या मूत्राशयावर दोन्हीकडून मारा झाला.

धडधड हृदयावरच्या बीटा-१ रिसेप्टरमुळे, आणि औषध मेंदूतही शिरतं म्हणून झोप उडाली. रक्तदाबाचं म्हणाल, तर स्यूडोएफेड्रिनने वरचा आकडा सरासरीने जेमतेम १ मिमी वाढतो, असं चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. सरासरीवर जाऊ नका. काही जणांत तो बराच चढतो, आणि फार क्वचित मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळून गंभीर आजार होतो. म्हणूनच युरोपीय औषध नियामक संस्थेच्या समितीने तीव्र किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब आणि गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना हे औषध देऊ नये असं सांगितलं. गोळी घेतल्यावर अचानक भयंकर डोकेदुखी, नजर धूसर होणं, गोंधळल्यासारखं होणं, यातलं काहीही झालं तर ती तातडीची बाब समजायची. डोळ्याच्या बाहुलीला रुंद करणारा स्नायूही अल्फा-१ वर चालतो, त्यामुळे अरुंद कोनाच्या काचबिंदूची शक्यता असलेल्यांनीही या गोळ्यांपासून लांब राहावं.

आता त्या बाटलीचं. स्नायूवर दिवसरात्र औषध बसलेलं असलं की पेशी आपले रिसेप्टर मंद करते, काही आत ओढून घेते. तोच डोस कमी वेळ पुरतो. शिवाय चेतातंतूच्या टोकावरही अल्फा-२ रिसेप्टर असतात; बाहेर पुरेसं नॉरॲड्रेनालिन आहे, आता थांब, असा निरोप ते आत देतात. थेंब त्यांनाही फसवतात आणि तंतू स्वतःचा माल सोडणं कमी करतो, असं या फुगवट्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. थेंबांचा अंमल उतरतो तेव्हा बाहेरचं औषध नाही, आतला संदेश क्षीण, आणि रिसेप्टर बहिरे. पोकळ्या तुडुंब भरतात. तुम्हाला वाटतं सर्दी अजून आहे. सर्दी केव्हाच गेली, आता जे नाक बंद होतंय ते थेंबांमुळेच. बाटल्यांवर तीन, पाच किंवा फार तर सात दिवसांची मर्यादा छापलेली असते ती यासाठी.

यातून सुटका नक्की होते. मोमेटॅसोन किंवा फ्लुटिकॅसोनचा नाकाचा स्टेरॉइड फवारा डॉक्टरांकडून लिहून घ्या. निरोगी माणसांना दोन आठवडे ऑक्सिमेटॅझोलिन देऊन मुद्दाम हा बिघाड घडवला आणि मग फ्लुटिकॅसोन दिलं, तर बधिरलेला प्रतिसाद परत आला, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. फवारा थेंबांसारखा मिनिटांत काम करत नाही; पूर्ण जोर यायला आठवडा-दोन आठवडे जातात. तेव्हा तो आधी सुरू करा, रोज, न चुकता, नळीचं टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या रोखाने. आठवड्याने एका नाकपुडीतले थेंब पूर्ण बंद करा, दुसरीत फक्त रात्री घाला. पहिली नाकपुडी स्वतःच्या बळावर चालू लागली की दुसरीही सोडा. काही जण एका झटक्यात दोन्ही बंद करतात, तेही चालतं, पण पहिल्या तीन-चार रात्री जड जातात. बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत फरक कळतो.

त्या रात्रींसाठी उशी उंच घ्या. मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पाणी उकळून गार केलेलं किंवा निर्जंतुक हवं, नळाचं तसंच नको. संध्याकाळी झपझप चाला, व्यायामाने सिम्पथेटिक तंतू जागे होतात आणि नाक खरोखर उघडतं. मेंथॉलचा वास घ्यायला हरकत नाही, फक्त त्याने वाट रुंद होत नाही हे माहीत असू द्या. तो थंडाव्याची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंना चेतवतो आणि हवा येतेय असं वाटतं. झोप लागायला तेवढं वाटणंही पुरतं. मधल्या काळात आधार म्हणून सर्दीची कुठलीही जोडगोळी नको.

थेंब सुटून महिना झाला तरी नाक बंदच, किंवा एकच बाजू कायम बंद, किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आतून तपासणी करून घ्या. ॲलर्जी, वाकडा पडदा, नाकातला मांसल कोंब यांपैकी काहीतरी मुळाशी असू शकतं, आणि त्यांचे उपाय वेगळे.

राहता राहिली नात. नाही, पातळ करूनही नाही. मोठ्यांचे थेंब घरी अंदाजाने पातळ केले की मात्रा किती झाली हे कुणालाच सांगता येत नाही, आणि लहान मुलांत या औषधांचा एक वेगळाच धोका असतो. या जातीची औषधं मेंदूतल्या अल्फा-२ रिसेप्टरवर पोचली की उत्तेजना सोडाच, उलट गुंगी आणतात: मूल सुस्त होतं, नाडी मंदावते, श्वास उथळ होतो. क्लोनिडिन हे रक्तदाबाचं प्रसिद्ध औषध १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला याच रासायनिक घराण्यातून, नाक उघडणारं औषध शोधताना तयार झालं. कार्यालयातल्या एका सर्दीग्रस्त सेक्रेटरीच्या नाकात त्याचे थेंब घातले, तर ती जवळजवळ दिवसभर झोपून राहिली आणि तिचा रक्तदाब उतरला. औषधाचा खरा उपयोग तिथून कळला. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा गमतीदार किस्सा आहे, तीन वर्षांच्या मुलीत नाही. एफडीएने २०१२ मध्ये इशारा दिला होता की अशा थेंबांचे एक-दोन मिलिलिटर, म्हणजे चमचाभरही नाही, गिळले गेले तरी लहान मुलांना गंभीर त्रास होऊ शकतो. नातीला सर्दी झाली तर साध्या सलाइनचे थेंब, भरपूर पाणी, आणि ताप किंवा धाप असेल तर बालरोगतज्ज्ञ.

तोवर तुमची बाटली उशाखालून हलवा. ती तिच्या हाताला सहज लागेल अशी जागा आहे. उंच कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा, आणि तिने ते प्यायल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता तिला बाटलीसकट रुग्णालयात न्या.